युनिव्हर्सिटीतले मोठे साहेब खरंच 'सेवक' असतात का? खालच्या टेबलावरून काय दिसतं?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. मी बडोद्यातल्या एका विद्यापीठात शिक्षकेतर कर्मचारी आहे. कुठल्या ते विचारू नका, अजून नोकरी बाकी आहे. सध्या आमच्याकडे एक फॉर्म फिरतोय. मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा विषय आहे सर्व्हंट लीडरशिप. व्हीसी (कुलगुरू), रजिस्ट्रार, परीक्षा नियंत्रक, डीन ही वरची मंडळी हाताखालच्या माणसांची सेवा हेच आपलं काम समजून वागतात का, आणि आम्हाला ते तसं दिसतं का, हे तिला शोधायचंय. वाक्यंच वाक्यं, समोर एक ते पाच आकडे. 'माझे वरिष्ठ स्वतःच्या आधी कर्मचाऱ्यांचा विचार करतात.' 'माझे वरिष्ठ माझं म्हणणं मनापासून ऐकतात.' अशी सगळी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ऐकून घेणारे साहेब पुष्कळ पाहिले. चहा पाजतात, मान डोलावतात, 'बघू आपण' म्हणतात. पण मेडिकल बिल अकाउंट्समध्ये लोळत पडलेलं असताना स्वतः फोन उचलून 'का अडलंय?' विचारणारा विरळा. माझ्या लेखी सेवाभाव कळतो तो फाइलवरच्या शेऱ्यात. तुमचा अनुभव काय? विद्यापीठ, कॉलेज, सरकारी खातं, काहीही चालेल. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनीही लिहा.

सेवउसळ
फॉर्ममध्ये पाचपैकी सहा द्यायची सोय आहे का? आमचे साहेब हा फोरम वाचतात.

कोठीकर
शेऱ्याच्या मुद्द्याला +१. आमच्याकडे एक शेरा प्रसिद्ध होता, 'चर्चा करावी'. कोणी, कोणाशी, कधी, काही पत्ता नाही. फाइल परत खाली. एका गृहस्थांची बढती या दोन शब्दांवर रिटायर होईपर्यंत लटकली. आणि ज्यांचा तो शेरा होता ते साहेब सगळ्यांच्या मुलांच्या लग्नाला हजर. अगदी पंगतीत वाढायलासुद्धा उभे राहायचे.

प्राध्यापिका_अलकापुरी
जरा वाद घालते. बिल वेळेवर सुटणं हे नुसतं बरं प्रशासन झालं. ते व्हायलाच हवं, त्यात सेवा कसली?

ही कल्पना मांडणारा रॉबर्ट ग्रीनलीफ प्राध्यापक वगैरे नव्हता. एटी अँड टी या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत उभी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर १९७० साली त्याने यावर निबंध लिहिला. त्याची कसोटी अशी की ज्यांच्यासाठी तुम्ही राबलात ती माणसं वाढली का? आधीपेक्षा शहाणी, मोकळी, आपल्या बुद्धीने चालणारी झाली का? पुढे तीही दुसऱ्यासाठी झिजायला तयार झाली का? आणि सगळ्यात खालच्या माणसाचं काय झालं, निदान त्याचं आणखी वाईट तरी झालं नाही ना?

माझ्याच बाबतीतलं सांगते. मी नवीन असताना आमच्या डीनबाईंनी अख्ख्या अभ्यासक्रमाची फेररचना माझ्यावर सोपवली. बोर्ड ऑफ स्टडीजच्या (अभ्यास मंडळाच्या) बैठकीत जुनी खोडं तुटून पडली, 'हे कोणी केलं?' म्हणून. बाई शांतपणे म्हणाल्या, 'मसुदा माझ्या सहीने आलाय, विचारायचं ते मला विचारा.' बैठक संपल्यावर मला खोलीत बोलावून मसुद्यातल्या चुका एकेक करून दाखवल्या, आणि त्याही काही कमी नव्हत्या. चारचौघांत पाठीशी, एकांतात कान धरायला. मी पाच दिले असते ते यासाठी.

दांडियाबाजारकर
@प्राध्यापिका, पटलं, पण ही शिक्षकांची चैन आहे. तुम्हाला वाढायला जागा असते. आमचा ज्युनिअर क्लार्क वाढून जाणार कुठे? वरची जागा भरलेली, त्याच्या वरची रद्द झालेली. त्याला 'तू वाढ' म्हणणारा साहेब नकोय, मेडिकल बिल काढणारा हवाय.

तात्या_बाबाजीपुरा
बडोद्यात बसून ग्रीनलीफ कशाला हवा? सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून गावोगावी वाचनालयं उभी केली. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. प्रजेची सेवा करणारा राज्यकर्ता यापेक्षा वेगळा असतो का?

सेवउसळ
पाचव्या प्रतिसादात महाराज आले. मी दहाव्याची पैज लावली होती. हरलो.

लायब्ररीवाली
तात्या, महाराजांबद्दल आदर आहेच. माझी भाकरी त्यांनी घातलेल्या पायावरच चालते. पण तुमचंच उदाहरण पुढे न्या ना. तेच बाबासाहेब १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा काय झालं? शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकायचे. गावात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. शेवटी कामाठीबागेत झाडाखाली बसायची वेळ आली. गादीवर सयाजीराव असताना.

आपला मुद्दा तोच आहे की. वरचा माणूस कितीही मोठ्या मनाचा असो, मधल्या पायऱ्यांवर त्याचं काय होतं? आमच्याकडे व्हीसींचं परिपत्रक निघालं, 'दर बुधवारी तीन ते पाच कोणीही भेटावं, दार उघडं आहे.' दार खरोखर उघडं होतं. दारात पीए बसायचे. 'काय काम आहे? आधी अर्ज द्या. थ्रू प्रॉपर चॅनल.' चॅनल म्हणजे ज्यांची तक्रार करायची तेच साहेब. फॉर्ममध्ये मी व्हीसींना किती देऊ? त्यांना तर मी पाहिलेलंच नाही.

तात्या_बाबाजीपुरा
हे मान्य. पण महाराजांचे हुजूर हुकूम खालपर्यंत पोचतात की नाही हे ते स्वतः फिरून बघायचे, एवढंच नोंदवतो.

भियाजी_इंदूर
इंदूरहून राम राम. तुमच्याकडे साहेब टिकतात तरी. आमच्या मध्य प्रदेशात विद्यापीठं १९७३ च्या कायद्यावर चालतात, व्हीसीची मुदत चार वर्षं. त्यात कलम ५२ नावाची टांगती तलवार. कारभार बिघडला असं सरकारला वाटलं की व्हीसी बाजूला आणि नवा माणूस खुर्चीत. त्यामुळे पोह्याच्या गाडीवर चर्चा एकच, भिया, हे किती दिवस काढतील?

अशा पाहुण्याकडून कर्मचारी सेवाभावाची अपेक्षाच करत नाही. पहिलं वर्ष सगळ्यांची नावं शिकण्यात, शेवटचं पुढच्या खुर्चीच्या शोधात. मधल्या दोन वर्षांत एक नॅक (विद्यापीठाच्या दर्जाची तपासणी), एक दीक्षांत समारंभ. माणसं वाढवायला सवड कधी मिळणार? आम्ही आकडा देतो तो रजिस्ट्रार आणि डेप्युटी रजिस्ट्रारला, कारण निभवायचं त्यांच्याशी असतं.

कोठीकर
@भियाजी, आमच्याकडेही आता चित्र बदललंय. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधली अकरा सरकारी विद्यापीठं एकाच कायद्याखाली आली. सेनेट-सिंडिकेट ही जुनी कारभारी मंडळं गेली, बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. आधी साहेबांनी नाही ऐकलं तर एखाद्या सिंडिकेट मेंबरचं घर गाठता यायचं. त्यात राजकारण भरपूर होतं, नाकारत नाही. पण दुसरं दार होतं. आता एकच दार. त्या दारातला माणूस भला असला तर ठीक.

प्राध्यापिका_अलकापुरी
दुसरं दार होतं ते ओळखीवाल्यांसाठी, कोठीकर. माझ्यासारखीला सिंडिकेट मेंबरचं घर कुठल्या गल्लीत आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

कोठीकर
रावपुऱ्यात होतं. :)

झाडूवाला_किस्सा
साहेबांच्या सेवेचा एक किस्सा घ्या. २ ऑक्टोबर, स्वच्छता मोहीम. सगळे वरिष्ठ हातात कोरे करकरीत झाडू घेऊन फोटोला उभे. पण आदल्या संध्याकाळी सफाईवाल्या बायकांनी आवार लख्ख झाडून ठेवलेलं. फोटोत कचराच येईना. मग त्याच बायकांना सांगून कोपऱ्यातली पानं परत पसरवली. साहेबांनी झाडली, टाळ्या झाल्या. त्या बायकांचा मागच्या महिन्याचा पगार तेव्हा ठेकेदाराकडे अडकलेला होता. त्याबद्दल साहेबांना विचारलं तर म्हणाले, 'तो एजन्सीचा विषय आहे.'

सेवउसळ
पानं पसरवण्याचं ओव्हरटाइम मिळालं का?

पेन्शनर_वाडी
इथे सगळे खालून वर बघतायत. मी वर बसलेला माणूस, आता निवृत्त. दोन शब्द माझेही ऐका.

ज्या सहीला तुम्ही सेवा म्हणता, ती सही करणाऱ्याला पुढे काय भोगावं लागतं हे कुणी पाहत नाही. लोकल फंडच्या सरकारी ऑडिटमध्ये पॅरा, म्हणजे आक्षेप, निघाला की तो सही करणाऱ्याच्या नावावर बसतो. ज्याचं काम झालं तो केव्हाच विसरलेला असतो. साहेब निवृत्त होताना नो ड्यूज मिळत नाही, ग्रॅच्युइटी अडकते, आणि ज्या टेबलावर आपण बसायचो त्याच टेबलासमोर अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. त्यामुळे 'चर्चा करावी' लिहिणारा प्रत्येक जण दुष्ट नसतो. बऱ्याचदा तो घाबरलेला असतो.

कोठीकर
साहेब, मानलं. पण मग ज्या फायलींवर बिनधास्त सह्या झाल्या त्या कोणाच्या? ओळखीच्यांच्या?

पेन्शनर_वाडी
ज्याची नोट, म्हणजे फाइलवरचं टिपण, पक्की असेल त्याच्या. नियम कुठला, पूर्वी असं कधी मंजूर झालंय, पैसा कुठल्या हेडमधून जाणार, हे तीन नोटमध्ये असलं की ऑडिटचा बाप आला तरी भीती नाही. मी क्लार्क लोकांना समोर बसवून नोटा पुन्हा लिहायला लावायचो. माझ्या माघारी मला काय म्हणायचे तेही ठाऊक आहे.

फाइलवाली_बेन
काका, तुम्ही माझे साहेब नव्हता बहुतेक, पण अशाच एका साहेबांच्या हाताखाली मी नोकरी काढलीय. हिरव्या शाईने नोट चिरफाड होऊन परत यायची. 'नियम क्रमांक?' 'मागील ठराव जोडा.' 'हे वाक्य कोणासाठी लिहिलंत?' घरी येऊन रडले आहे. तेव्हा कुणी हा फॉर्म दिला असता तर सगळ्या वाक्यांपुढे एक लिहिला असता, शून्य नाही म्हणून.

आज माझ्या टेबलावरून गेलेली नोट वर सहसा अडत नाही. मुली माझ्याकडे शिकायला येतात. म्हणजे त्या साहेबांना आता पाच. फॉर्म कधी भरता त्यावरही आहे सगळं.

प्राध्यापिका_अलकापुरी
@फाइलवाली_बेन, मुली तुमच्याकडे शिकायला येतात म्हणालात ना, ग्रीनलीफच्या कसोटीत तेच बसतं. दांडियाबाजारकर, क्लार्क वाढत नाही म्हणाला होतात.

दांडियाबाजारकर
वाढल्या, पण पगाराची श्रेणी तीच. बरं, अर्धा गुण तुमचा.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्याकडचे एक परीक्षा नियंत्रक आठवले. निकालाच्या आदल्या रात्री टॅब्युलेशनच्या (गुणतक्त्यांच्या) खोलीत सगळे जागे असायचे. बहुतेक साहेब काय करतात, दहाच्या सुमाराला समोसे पाठवतात, 'चालू द्या' म्हणतात आणि घरी जातात. हे गृहस्थ खुर्ची ओढून रांगेत बसायचे. एक जण रोल नंबर आणि गुण वाचणार, दुसरा पडताळणार. ते वाचणाऱ्याच्या जागी बसायचे, कारण घसा त्या माणसाचा सुकतो. मध्येच थांबून, 'चष्मा पुसा सगळ्यांनी,' एवढंच.

एका वर्षी एका विषयाचे अंतर्गत गुण चढलेच नाहीत. पेपरात बोंब, विद्यार्थ्यांचा घेराव. वरून विचारणा झाली, जबाबदार कर्मचारी कोण? त्यांनी लिहून दिलं, 'निकाल माझ्या सहीने जाहीर झाला.' कर्मचाऱ्याचं नाव दिलं नाही. नंतर खोलीत येऊन त्या मुलाला जे झापलं ते आजूबाजूच्या तीन विभागांनी ऐकलं.

त्यांना कुणी सर्व्हंट लीडर म्हटलं असतं तर चिडले असते. दुर्वास होते पक्के. पण त्यांच्या निवृत्तीला शिपायापासून सगळ्यांनी वर्गणी काढली, आणि यादी फिरवावी लागली नाही.

जाता जाता एक गंमत. ग्रीनलीफला ही कल्पना एका कादंबरीवरून सुचली. प्रवासाला निघालेल्या एका पंथाच्या मंडळींचं सामान वाहणारा, गाणी म्हणणारा एक नोकर असतो. तो नाहीसा होतो आणि मंडळींची वाताहत होते. पुढे कळतं, त्या पंथाचा प्रमुख तोच. आमच्या आवक-जावकचे काका रजेवर गेले की अख्ख्या विद्यापीठाची अशीच वाताहत होते. त्यामुळे खरे व्हीसी कोण ते आम्हाला केव्हाच कळलंय.

सेवउसळ
आमच्याकडचे आवक-जावकवाले काका गाणी पण म्हणतात. आता शंका यायला लागली.

गणितमास्तर
मूळ मुद्द्याकडे या. फॉर्म भरायचा कसा?

फॉर्मच्या वरच्या भागात काय विचारलंय बघा. खातं, पद, स्त्री/पुरुष, नोकरीची वर्षं. वरती ठळक अक्षरात 'आपली ओळख पूर्णपणे गुप्त राहील'. आमच्या खात्यात शिक्षकेतर बाई एकच आहे. हे चार रकाने भरले की तिचं नाव लिहायची गरजच नाही. मग ती काय करणार? सरसकट चार. पाच दिले तर चमचेगिरी दिसते, तीन दिले तर नाराजी. चार म्हणजे सुरक्षित. आणि मग प्रबंधात छापून येणार की वरिष्ठांचा सेवाभाव उच्च पातळीवर आहे. लिकर्टने १९३२ साली हे एक ते पाचचं मोजमाप काढलं तेव्हा आपल्या खात्याची हजेरी पाहिली नव्हती.

आणखी एक. आमच्याकडे फॉर्म वाटले कोणी? ऑफिस सुपरिंटेंडेंटनी. गोळा कोणी केले? त्यांनीच. वर पुन्हा 'अरे, तू भरला नाहीस अजून?'

झाडूवाला_किस्सा
नॅकच्या वेळी हेच. सहाव्या निकषात गव्हर्नन्स, लीडरशिप अँड मॅनेजमेंट असतं. त्यात सहभागातून कारभार कसा चालतो ते लिहायचं. आमच्याकडे तो मजकूर एका माणसाने रात्री बसून लिहिला आणि सकाळी सगळ्यांना कळवलं, 'कुणी विचारलं तर आपण सगळे निर्णयात सहभागी असतो, हे लक्षात ठेवा.' झालो सहभागी.

संशोधिका
नमस्कार. त्या फॉर्मची मालकीण मीच. धागा मैत्रिणीने पाठवला, सकाळपासून वाचतेय, चहा तीनदा थंड झाला.

प्रश्नावली मी बनवलेली नाही. जिम लॉब यांनी १९९९ साली डॉक्टरेटसाठी तयार केलेल्या साधनावर ती बेतलेली आहे. माणसांची कदर करणं, त्यांना वाढवणं, एकोपा निर्माण करणं, आतबाहेर एक असणं, दिशा दाखवणं आणि अधिकार वाटून देणं, अशा सहा अंगांनी विचारलेलं असतं. त्यात उत्तर देणारा कुठल्या पायरीवर आहे हेही विचारतात, कारण वरच्यांना आपली संस्था जशी दिसते तशी ती खालच्यांना दिसत नाही. तो फरक हाच तर माझा विषय. म्हणून पदाचा रकाना काढता येणार नाही. पण गणितमास्तर म्हणाले ते बरोबर आहे, खात्याचा रकाना मला लागत नाही. तो काढते. नोकरीची वर्षंही मोठ्या टप्प्यांत घेते. आणि फॉर्म ऑफिसमार्फत वाटायचे नाहीत हे गाइडना सांगावं लागेल. ते म्हणतील ऑफिसशिवाय प्रतिसाद येत नाहीत. खरंच येत नाहीत हो.

गणितमास्तर
कोऱ्या लिफाफ्यातून फॉर्म टाकायला परीक्षा विभागाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक पेटी ठेवा. सगळं विद्यापीठ तिथूनच चालतं.

पेन्शनर_वाडी
ताई, एक विचारतो. वरच्यांनाही स्वतःबद्दल भरायला देता का हा फॉर्म?

संशोधिका
देते. अजून फारसे परत आलेले नाहीत.

सेवउसळ
चर्चा करावी.

कंत्राटी_मी
लिहू की नको असं चाललं होतं. मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. करार संपतो, काही दिवस घरी, पुन्हा नवा करार. नोकरी तीच, टेबल तेच.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा रजेचा अर्ज दिला. आमचे विभागातले साहेब स्वभावाने फार गोड. 'पेढे कुठेत?' म्हणाले, घरच्यांची चौकशी केली, आणि अर्जावर 'करार कर्मचाऱ्यांच्या नियमात बसत नाही' असं लिहून पुढे पाठवला. डेप्युटी रजिस्ट्रार मॅडम तोंडाच्या फाटक्या, त्यांच्या केबिनमध्ये जायला सगळे टरकतात. मला बोलावलं. बसही म्हणाल्या नाहीत. कपाटातून १९६१ चा मातृत्व लाभ कायदा काढला. त्यात आधीच कुठेतरी फाइलच्या नाडीचा तुकडा खुणेला घातलेला होता. 'गेल्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस भरलेत का?' भरले होते, त्याच्या कितीतरी पुढे. 'मग रडतेस कशाला? लिही.' आणि त्या सांगत गेल्या ती नोट मी माझ्या हाताने लिहिली. सव्वीस आठवडे मिळाले, पगारासकट. नंतर माझ्यासारख्या आणखी दोघींच्या अर्जांना माझीच नोट जोडली गेली.

आता फॉर्ममध्ये वाक्य आहे, 'माझे वरिष्ठ माझ्याशी प्रेमाने व आपुलकीने वागतात.' दोघांना मी किती किती देऊ?

लष्करवाला
आमचे परीक्षा नियंत्रक आणि तुमच्या मॅडम एकाच माळेतले दिसतात. पण इथे सगळ्यांचे आवडते साहेब तुसडेच का निघतायत? गोड बोलून काम करणारे नसतातच का?

लायब्ररीवाली
असतात हो, त्यांचे किस्से होत नाहीत. आमच्या जुन्या ग्रंथपाल बाई कधी आवाज चढवायच्या नाहीत. दर सोमवारी सगळ्यांची ड्यूटी लावताना रात्रीची पाळी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर. त्यामुळे कुणी कुरकुर केलीच नाही. यात सांगण्यासारखा प्रसंग कुठला? रोजच तसं होतं.

आणि तुसडेपणाला डोक्यावर घेऊ नका. मॅडमनी बस म्हटलं असतं तरी कायदा तोच राहिला असता. पोटुशी बाई उभी होती.

कंत्राटी_मी
@लायब्ररीवाली, हे खरं आहे. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं, काम होतंय याचाच आनंद. पण पाय दुखले होते.

@संशोधिका, माझा एक अडचणीचा प्रश्न. गेल्या वर्षीपासून आमच्यातल्या बऱ्याच जणी एजन्सीमार्फत झाल्यात. काम विद्यापीठाचं, हजेरी विद्यापीठाची, पगाराची चिठ्ठी एजन्सीची. तुमच्या फॉर्मात पदासमोर तीन चौकोन आहेत, शिक्षक, शिक्षकेतर, अधिकारी. त्यांनी कुठे टिक करायची? ऑफिसात विचारलं तर म्हणाले, 'तुम्हाला फॉर्म दिलाच नव्हता, तुम्ही आमचे कर्मचारी नाही.'

संशोधिका
मला विद्यापीठाने जी यादी दिली तिच्यावरून मी फॉर्म मोजले. एजन्सीच्या लोकांची यादीच दिली नव्हती, म्हणून चौकोन नाही. चौथा चौकोन आज घालते. यादी कुठून मिळेल?

झाडूवाला_किस्सा
यादी ऑफिसकडे मागू नका, मिळणार नाही. सकाळी साडेसहाला मागच्या गेटवर हजेरी होते. सुपरवायझरच्या वहीत सगळी नावं असतात.

दांडियाबाजारकर
मीही येतो. सुपरवायझर ओळखीचा आहे, पण तो आधी विचारेल, 'साहेबांची परवानगी आहे का?'

पेन्शनर_वाडी
परवानगीचा अर्ज आधीच देऊन ठेवा. नोट मी बघून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.